पावसाळ्यापूर्वी फ्लूची लस : कोणी घ्यावी, केव्हा घ्यावी?

मृगाचा पाऊस पडून शेते हिरवी होऊ लागली, की त्याच सुमारास गावोगावच्या दवाखान्यांपुढील रांगाही वाढू लागतात. अहिल्यानगर, म्हणजेच पूर्वीचा अहमदनगर जिल्हा याला अपवाद नाही. अकोल्याच्या डोंगराळ भागापासून जामखेड-कर्जतच्या माळरानापर्यंत या दिवसांत सर्दी, खोकला, कणकण आणि अंगदुखी यांच्या तक्रारी ऐकू येतात. बहुतेक माणसे चार-आठ दिवसांत बरी होतात आणि आजार विसरला जातो. मात्र एखाद्या वर्षी ओळखीतले कोणी न्युमोनियाने अत्यवस्थ होऊन जिल्हा रुग्णालयात किंवा पुण्याला हलवावे लागते, आणि मग घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : फ्लूची लस घ्यावी काय?

प्रश्न योग्य आहे; तो विचारण्याची वेळ मात्र बहुधा चुकलेली असते. लस टोचल्यानंतर शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. शेजारी आजारी पडल्यावर धावपळ करून घेतलेली लस त्या साथीत उपयोगी पडेलच असे नाही. शिवाय हा प्रश्न सर्वांसाठी सारखाही नाही. पंचविशीतील धडधाकट तरुण आणि त्याच घरातील मधुमेहाने आजारी असलेली आजी किंवा गर्भवती सून यांच्याबाबत एकच उत्तर देणे शास्त्राला धरून होणार नाही. कोणास या लशीची खरी गरज आहे आणि ती वर्षातील कोणत्या दिवसांत घ्यावी, याचा खुलासा करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

पडसे वेगळे, फ्लू वेगळा

आपल्याकडे कोणत्याही तापाला ‘फ्लू’ म्हणण्याची सवय रूढ झाली आहे. वस्तुतः इन्फ्लुएंझा हा एका विशिष्ट विषाणूमुळे होणारा श्वसनमार्गाचा रोग आहे. १९३३ साली लंडन येथील शास्त्रज्ञांनी माणसातील हा विषाणू प्रथम वेगळा करून दाखविला. साध्या पडशाचे विषाणू निराळे. ते हळूहळू जोर धरतात, नाक वाहते, घसा खवखवतो आणि माणूस आपले काम करीत राहतो. फ्लूचा हल्ला बहुधा अचानक होतो. सकाळी शेतावर गेलेला माणूस दुपारी थंडी वाजून आडवा होतो, अंग मोडून येते, डोके ठणकते, कोरडा खोकला सुरू होतो. पावसाळ्यात डेंगी, चिकनगुनिया व हिवताप यांचीही सुरुवात तापानेच होते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

हा भेद केवळ वैद्यकीय चर्चेचा विषय नाही. फ्लूची लस ही फ्लूच्या विषाणूपुरतीच आहे. ती पडसे थांबवीत नाही, डेंगी थांबवीत नाही. ‘लस घेतली तरी दोनदा सर्दी झाली’ ही तक्रार आरोग्य सेविकांना वारंवार ऐकावी लागते. ती करणाऱ्याला लशीने फसविलेले नसते. लशीकडून जे कोणी कबूल केले नव्हते त्याची अपेक्षा त्याने केलेली असते.

जिल्ह्याच्या इतिहासातील एक पान

हा रोग किरकोळ आहे, अशी समजूत असणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्याच्या जनगणनेचे जुने आकडे पाहावेत. १९११ साली अहमदनगर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेनऊ लाख होती. १९२१ मध्ये ती सुमारे सात लाख तीस हजारांवर आली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढण्याऐवजी पाचव्या हिश्शाहून अधिक घटली. १९१८ चा पाऊस दगा देऊन गेला, दुष्काळ पडला आणि अनेकांनी गाव सोडले, हे या घटीचे एक कारण होय. दुसरे कारण म्हणजे त्याच वर्षी आलेली इन्फ्लुएंझाची साथ. त्या साथीला महाराष्ट्रातील जुनी माणसे ‘मानमोडी’ म्हणत.

जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात या साथीचा प्रथम शिरकाव झाला. पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरपासून आलेल्या दुसऱ्या लाटेने मात्र हाहाकार उडविला. संपूर्ण हिंदुस्थानात या साथीने एक कोटी वीस लाख ते एक कोटी ऐंशी लाख माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असे अभ्यासकांचे निरनिराळे अंदाज आहेत. एरवी फ्लू म्हातारे आणि तान्ही मुले यांना अधिक छळतो. मानमोडीने वीस ते चाळीस या ऐन उमेदीच्या वयातील माणसे नेली, आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक राहिले. त्या वेळी रोगाचा विषाणू ठाऊक नव्हता, मग लस कोठून असणार?

मानमोडीचा विषाणू एच१एन१ या गटातील होता, हे नंतरच्या संशोधनाने सिद्ध झाले. त्याच गटातील एका नव्या विषाणूने २००९ साली पुन्हा जगभर साथ पसरविली. त्या साथीतील भारतामधील पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला. लोक त्याला ‘स्वाइन फ्लू’ म्हणू लागले आणि ते नाव अजून कानांवर पडते. आता तो विषाणू नेहमीच्या हंगामी फ्लूचाच एक प्रकार होऊन आपल्यात राहिला आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात प्रयोगशाळेत निश्चित झालेले ८,५८३ रुग्ण व ९०५ मृत्यू नोंदले गेले. २०१७ मध्ये ६,१४४ रुग्ण व ७७८ मृत्यू. या आकड्यांवरून दहा रुग्णांपैकी एक दगावतो असा निष्कर्ष कोणी काढू नये. चाचणी मुख्यतः गंभीर रुग्णांचीच होते. सौम्य आजाराचे असंख्य रुग्ण मोजणीत येतच नाहीत. मृत्यूंची संख्या मात्र दुर्लक्ष करण्याजोगी नाही. मार्च २०२३ मध्ये नगर शहरात एका तरुणाचा मृत्यू झाला. त्याच्या तपासणीत एच३एन२ हा फ्लूचा दुसरा प्रकार आणि कोविड हे दोन्ही आढळल्याचे जाहीर झाले, तेव्हा काही दिवस जिल्ह्यात मोठी घबराट होती. घबराट ओसरली तशी लशीची चौकशीही ओसरली.

लस काय करते, काय करीत नाही

देवीची लस एकदा टोचली की दीर्घकाळ निश्चिंती असे. फ्लूच्या लशीचे तसे नाही. हा विषाणू आपले बाह्यरूप सतत थोडेथोडे बदलत असतो. गेल्या वर्षी शरीराने ओळखलेला शत्रू यंदा निराळ्या वेषात येतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी व सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लशीत कोणते विषाणू असावेत याची शिफारस करते. निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांनी रुग्णांच्या नमुन्यांत काय पाहिले, यावर ती शिफारस आधारलेली असते. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या जाळ्यातील एक दुवा आहे. बहुतेक लशी कोंबडीच्या फलित अंड्यांत विषाणू वाढवून तयार करतात आणि त्या कामाला सुमारे सहा महिने लागतात. या सहा महिन्यांत विषाणूने आणखी एखादे वळण घेतले, तर त्या वर्षी लस थोडी कमी पडते.

लस व विषाणू यांचा मेळ चांगला बसला, तर फ्लूमुळे दवाखाना गाठण्याची वेळ सुमारे ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. याचा अर्थ एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. शंभर माणसांच्या वाडीत लस न घेता एका हंगामात दहा जणांना फ्लू झाला असता असे समजू. सर्वांनी लस घेतली असती, तर तो पाच जणांना झाला असता. उरलेल्या नव्वदांना लस न घेताही फ्लू झाला नसता. हा हिशेब पाहून एखादा धडधाकट माणूस म्हणेल, की एवढ्यासाठी दरवर्षी सुई कशाला? त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण दहांपैकी एक आजारी मधुमेही वृद्ध असेल, एक सात महिन्यांची गर्भवती असेल, तर त्यांच्या बाबतीत प्रश्न चार दिवसांच्या तापाचा राहत नाही. तो न्युमोनियाचा आणि जीविताचा होतो. लस घेऊनही फ्लू झाला, तरी अनेकदा आजाराची तीव्रता कमी राहते, हा त्यांच्या दृष्टीने मोठाच लाभ आहे.

मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा

युरोप-अमेरिकेत फ्लू हा हिवाळ्याचा रोग समजला जातो आणि तेथील सूचना ‘ऑक्टोबरात लस घ्या’ अशा असतात. त्या वाचून आपल्याकडील सुशिक्षितही दिवाळीच्या आसपास लशीची आठवण काढतात. महाराष्ट्रात फ्लूचा मुख्य जोर पावसाळ्यात, जून ते सप्टेंबरच्या दरम्यान दिसतो आणि थंडीच्या अखेरीस, जानेवारी ते मार्चमध्ये, अनेकदा आणखी एक लहान लाट येते. श्रीनगरसारख्या उत्तरेकडील ठिकाणी हिवाळ्याचे गणित लागू पडते. श्रीगोंद्याला ते पडत नाही. आपल्याकरिता एप्रिल व मे हे महिने, अक्षय्य तृतीयेपासून मृग लागेपर्यंतचे दिवस, सर्वांत सोयीचे होत. या सुमारास दक्षिण गोलार्धासाठी ठरविलेली त्या वर्षाची लस उपलब्ध होऊ लागते. वेष्टनावर वर्ष व हंगाम यांचा उल्लेख असतो. तो पाहून घ्यावा, कारण मागील हंगामाची उरलेली लस घेण्यात अर्थ नाही. पावसाळ्यापूर्वी राहून गेले असेल, तर नंतर मिळेल ती अद्ययावत लस घेण्यासही हरकत नाही. लाभ कमी होतो, नाहीसा होत नाही.

या जिल्ह्यापुरते बोलायचे, तर या मुहूर्ताला आणखी एक अर्थ आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात. कारखान्याचा बॉयलर पेटल्यापासून पट्टा पडेपर्यंत त्यांचा मुक्काम फडावर, कोपीत असतो. पाडव्याच्या आसपास ती गावी परततात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लसीकरणाची हाक दिली, तर नेमक्या याच कुटुंबांतील गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले तीतून वगळली जातात. चैत्र-वैशाखात ती घरी सापडतात.

पुढे आषाढ लागला, की त्र्यंबकेश्वराहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी याच जिल्ह्यातून पंढरीची वाट चालते. गुरुपौर्णिमेला शिर्डीत भाविकांची दाटी होते. पावसात भिजल्याने फ्लू होतो असे नव्हे. पावसामुळे माणसे राहुटीत, धर्मशाळेत, एस.टी.च्या बंद खिडक्यांआड दाटीने बसतात आणि एकाचा खोकला दहांच्या श्वासात जातो. वारीस निघणाऱ्या साठीच्या पुढील मंडळींनी प्रस्थानापूर्वी किमान दोन आठवडे लस घेतली, तर ती वेळेवर कामी येईल.

अग्रक्रम कोणाचा?

सर्वप्रथम गर्भवती स्त्रिया. गरोदरपणात फुप्फुसे व हृदय यांवर आधीच भार असतो आणि फ्लू झाल्यास तो गंभीर वळण घेण्याचा धोका वाढतो. शिवाय सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देता येत नाही. आईने गरोदरपणी घेतलेल्या लशीची प्रतिकारद्रव्ये बाळाकडे जातात आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने त्याला संरक्षण देतात. एका टोचणीत दोन जीव राखले जातात, असा योग वैद्यकात फार थोड्या ठिकाणी आहे. ‘पोटुशीला सुई नको’ असे म्हणणाऱ्या सासूबाईंनी धनुर्वाताची लस आपल्या सुनेने घेतलेलीच असते, हे आठवावे.

मधुमेह, हृदयविकार, दमा, मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांचा क्रम त्यानंतर लागतो. फ्लूचा घाव फुप्फुसांपुरताच राहतो असे नाही. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील एका अभ्यासात, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट आढळले. आजोबा तापातून उठले आणि हृदयाने गेले, असे जे आपण ऐकतो, त्यातील काहींचे मूळ येथे असू शकते. पासष्ट वर्षांवरील सर्वांनीच लस घेणे हितावह आहे. वृद्धांच्या शरीरात लशीला मिळणारा प्रतिसाद काहीसा दुबळा असतो. म्हणून त्यांची देखभाल करणाऱ्यांनीही ती घ्यावी. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना दरवर्षी ही लस देण्याची शिफारस करते. नऊ वर्षांखालील मुलाला प्रथमच लस देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. डॉक्टर, परिचारिका, आरोग्य सेविका व आशा यांनी तर ती स्वतःसाठी आणि रुग्णांसाठीही घ्यावी.

उरला तो निरोगी तरुण. त्याने लस घेतली तर चांगलेच, नाही घेतली तरी त्याने मोठी चूक केली असे म्हणता येणार नाही. घरात वर सांगितल्यापैकी कोणी असेल, तर मात्र पारडे लस घेण्याच्या बाजूला झुकते. हाताशी एकाच टोचणीपुरते पैसे असतील, तर ते कमावत्या मुलाऐवजी मधुमेही आईसाठी खर्च करावेत.

भीती आणि वस्तुस्थिती

टोचून घेण्याच्या लशीत निष्क्रिय केलेले विषाणू किंवा त्यांचे अंश असतात. तिच्यामुळे फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखणे, एक-दोन दिवस कणकण वाटणे हा त्रास काहींना होतो आणि तो आपोआप जातो. गिलाँ-बारे या नावाचा, हातापायांतील शक्ती जाण्याचा एक विकार क्वचित उद्भवतो, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. १९७६ साली अमेरिकेत सुमारे साडेचार कोटी लोकांना घाईने टोचलेल्या लशीनंतर तो लाखात सुमारे एकाला झाला आणि ती मोहीम थांबविण्यात आली. त्यानंतरच्या हंगामी लशींबाबत हे प्रमाण दहा लाखांत एक-दोन याहून अधिक आढळलेले नाही. हाच विकार प्रत्यक्ष फ्लूनंतरही होतो, आणि लशीपेक्षा अधिक प्रमाणात होतो.

पूर्वीच्या मात्रेनंतर ज्यांना तीव्र ॲलर्जी झाली, त्यांनी ही लस घेऊ नये. ज्यांना पूर्वी गिलाँ-बारे झाला आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच निर्णय घ्यावा. अंगात बराच ताप असताना ती पुढे ढकलावी. अंडे खाल्ल्याने पित्त उठते, एवढे कारण लस नाकारण्यास पुरेसे नाही. टोचल्यानंतर पंधरा ते तीस मिनिटे दवाखान्यातच थांबावे.

लस कोठे मिळेल?

बालकांच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात पोलिओ, गोवर यांप्रमाणे फ्लूच्या लशीचा समावेश नाही. महाराष्ट्र शासनाने २०१५ पासून दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील गर्भवती स्त्रिया, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना शासकीय रुग्णालयांतून ही लस विनामूल्य व ऐच्छिक तत्त्वावर देण्यास सुरुवात केली. साठा केव्हा व कोणत्या रुग्णालयात येतो, हे वर्षावर अवलंबून असते. म्हणून एप्रिल लागताच उपकेंद्रातील आरोग्य सेविकेकडे किंवा ग्रामीण रुग्णालयात चौकशी करावी. खासगी दवाखान्यात लशीला साधारणतः हजार ते दोन हजार रुपये पडतात. मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम लहान नाही, हे मान्य केलेच पाहिजे. विकत घेताना एक दक्षता घ्यावी. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच टिकते; ती तापूही द्यायची नसते आणि गोठूही द्यायची नसते. औषधाच्या दुकानातून विकत घेऊन, पिशवीत घालून वैशाखाच्या उन्हात दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे नेलेल्या लशीचा भरवसा धरता येत नाही.

गावात अशा गोष्टी पत्रकापेक्षा ओळखीच्या माणसाच्या शब्दावर ठरतात. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचा सारा डोलारा गावातल्याच, अल्पशिक्षित स्त्रियांना दिलेल्या आरोग्यशिक्षणावर उभा राहिला. ज्या गावात आशा कार्यकर्तीने स्वतः लस घेतली आहे आणि तिचा दंड दोन दिवस दुखला होता हेही ती मोकळेपणाने सांगते, तेथे तिचे म्हणणे लवकर पटते.

तरीही ताप आलाच तर

लस घेतलेली असो वा नसो, साधा ताप, खोकला व अंगदुखी असल्यास घरी विश्रांती घ्यावी, भरपूर पाणी प्यावे, तोंडावर रुमाल धरावा आणि ताप उतरून पूर्ण एक दिवस होईपर्यंत शाळा, बाजार व लग्नकार्य टाळावे. अशा प्रत्येकाची चाचणी करण्याची आवश्यकता नसते. फ्लू विषाणूजन्य असल्याने प्रतिजैविकांचा त्यावर परिणाम होत नाही. ‘एक सलाईन लावा म्हणजे तरतरी येईल’ हा आग्रहही व्यर्थ आहे. गर्भवती, वृद्ध, लहान मुले आणि मधुमेही किंवा हृदयरोगी यांनी मात्र वाट पाहू नये. त्यांना डॉक्टर ऑसेल्टामिविर हे औषध देतात आणि ते लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झाल्यास सर्वाधिक गुणकारी ठरते. धाप लागणे, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त पडणे, ओठ वा नखे निळसर होणे, ग्लानी येणे, किंवा मुलाने खाणेपिणे सोडणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास, रात्र असली तरी, रुग्णाला रुग्णालयात हलवावे. १०८ क्रमांकावर दूरध्वनी केल्यास रुग्णवाहिका विनामूल्य मिळते.